कंठमण्याची खाच

रेडिओ केंद्रात निवेदकाच्या जागेसाठी अकरा वाजता आवाजाची चाचणी होती आणि सव्वानऊला नवऱ्याने वीस वर्षांची दाढी उतरवली. रेडिओवर दाढी कुणाला दिसणार, हे बायकोने दोनदा विचारून पाहिलं होतं. तेवढ्यात न्हाणीघरातून हाक आली.

"अगं, गळ्याला गाठ आलीय!"

"कंठमणी आहे तो."

"कंठमण्याला वर खाच असते का?"

बायकोने बोट लावून पाहिलं. खाच होती. असते की नसते, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

नवऱ्याने लगेच आत्याला फोन लावला. आत्याला सगळ्या आजारांची माहिती होती आणि त्यातले निम्मे तिला होऊनही गेले होते. "थायरॉईडच तो! अजिबात बोलू नकोस, आवाज बसेल," असं सांगून ती स्वतः वीस मिनिटं बोलली. दहा वर्षं ज्या नोकरीची वाट पाहिली तिच्या आवाजाच्या चाचणीला निघालेला हा माणूस आता चिठ्ठ्या लिहू लागला. पहिली चिठ्ठी होती, 'डॉक्टर किती वाजता येतात?'

"अहो, तोंडाने बोला की! डोक्याला ताप नुसता!" म्हणत बायकोने चपला पायात सरकवल्या.

गळ्याच्या डॉक्टरांनी दोन बोटांनी चाचपून पाहिलं. "ही थायरॉईड कूर्चा, म्हणजे मऊ हाड. दोन पाट्या पुढे जोडलेल्या, मागून उघड्या. वरच्या कडेला खाच, आत स्वरतंतू. सगळ्यांना असते."

"म्हणजे थायरॉईडच ना? आत्या म्हणाल्याच होत्या!" बायको म्हणाली.

"ती ग्रंथी वेगळी. ती हिच्या खाली असते."

"अगं बाई! यांना दोन-दोन झालेत?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, कागद ओढला आणि चित्र काढून पहिल्यापासून सुरुवात केली. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

नवरा धापा टाकत चाचणीला पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. समोर दोन परीक्षक आणि एक अध्यक्षबाई बसल्या होत्या.

"उशीर का झाला ते दोन मिनिटांत सांगा," बाई वैतागून म्हणाल्या. "तीच तुमची चाचणी."

सकाळपासून कोंडलेलं सगळं बाहेर आलं. शब्द स्वच्छ, आवाज खणखणीत. इतकं चांगलं तो आयुष्यात बोलला नव्हता. पाट्यांपर्यंत येताच पहिल्या परीक्षकाने कॉलर सैल केली. दुसऱ्याच्या बोटाला खाच लागली आणि त्याचा चेहरा उतरला.

"पुरुषांमध्ये या पाट्यांचा कोन अरुंद, म्हणून कूर्चा पुढे येते," नवरा सांगत होता. "बायकांमध्ये रुंद, म्हणून..."

"माझी लागतच नाहीये!" बाई म्हणाल्या.

दोन मिनिटं संपली. नवऱ्याने घाम पुसला. "आवाज कसा वाटला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आवाजाकडे लक्षच नव्हतं हो," बाई मान चाचपत म्हणाल्या. "उद्या परत या. आणि येताना त्या डॉक्टरांचा नंबर आणा."