हुडहुडी कंपनीचे भागधारक आणि गल्लीतला शेवटचा लिंब

माणसानं एसी घ्यावा की एसी बनवणारी कंपनी घ्यावी, हा प्रश्न पुंडलिकनगरातले सेवानिवृत्त नागरिक श्री. बद्रीनाथ औताडे यांच्यासमोर फेब्रुवारीतल्या एका सकाळी, अंगणातल्या कडुलिंबाखाली चहा पिताना उभा राहिला. तोवर असा काही प्रश्नच नव्हता. एसीच घ्यायचा ठरला होता. लेक सोनिया पुण्याहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, दिवस भरत होते मे महिन्यात, आणि त्या महिन्यात पुंडलिकनगरच्या गच्चीवर टाकलेला पापड वाळायच्या आधी भाजून निघतो. "पोरीची खोली गार पाहिजे, बाकी मी काय बी मागत नाय," असं मनकर्णाबाईंनी सांगून ठेवलं होतं. बद्रीनाथरावांनी शब्द दिला होता. त्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली होती, त्यामुळे शब्दाची पोच त्यांनी ताबडतोब दिली. काम पुढं सरकलं नाही, पण ती वेगळी बाब.

त्या सकाळी गोकुळ गायके आला. विमा, प्लॉट, लग्नाची स्थळं आणि शेअर असा चौफेर व्यवसाय करणारा हा तरुण गल्लीच्या तोंडाशी राहतो, त्यामुळे त्याला चुकवून गल्लीत शिरता येत नाही.

"काका, एसी घेऊ राहिले म्हणे?"

"व्हय. आज दुकानात जायचंय."

"अरे यार काका!" गोकुळनं कपाळावर हात मारला. "एसी दुकानातून बाहेर काढला की त्याची किंमत निम्मी होती. कंपनी घ्या, कंपनी! हुडहुडी एअर कंडिशनर्स लिमिटेड. कारखाना आपल्या चितेगावला. पहिल्यांदाच बाजारात शेअर आणू राहिली. आज घाला, उन्हाळ्यात काढा, एकाच्या जागी दोन एसी घ्या. एक पोरीच्या खोलीत, एक तुमच्या."

बद्रीनाथरावांना आपल्या खोलीतही एसी असावा असं त्या क्षणापर्यंत कधी वाटलं नव्हतं. आता मात्र त्याच्यावाचून एवढी वर्षं कशी काढली, याचं त्यांना नवल वाटलं.

शेअर मागणाऱ्यांची गर्दी झाली की वाटप सोडतीनं होतं, म्हणून जाणते लोक घरात जेवढी माणसं तेवढे अर्ज करतात. बद्रीनाथरावांनीही एक अर्ज स्वतःच्या नावे केला आणि दुसरा मनकर्णाबाईंच्या. गोकुळनं बाईंचं खातं उघडून दिलं. मोबाइलवर जे आकडे येतील ते मोठ्यानं वाचून दाखवायचे, एवढाच बाईंचा भांडवली बाजाराशी संबंध. त्यांना वाटलं, गॅसचा नंबर लागला.

सोडतीत बद्रीनाथरावांच्या अर्जाला भोपळा मिळाला. मनकर्णाबाईंना शेअर लागले.

"म्हणजी ती कंपनी माझी व्हय?" बाईंनी भाकरी थापता थापता विचारलं.

"नावाला तुझी. तसं बघितलं तर आपली."

"नाव माझं हाय नं? मंग माझी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली. बद्रीनाथरावांनी हे बोलणं मनावर घेतलं नाही. पुढं त्यांना ते लई महागात पडलं.

शेअर बाजारात आला त्या दिवशी भाव चढला. गोकुळनं गल्लीत पेढे वाटले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "आता काढा अन् एसी आणा." बद्रीनाथराव हसले. फळ कच्चं तोडत नसतात, असं त्यांनी बाईंना समजावलं. ऊन तापलं की मागणी वाढेल, मागणी वाढली की भाव वाढेल, तेव्हा काढू. विचार बिनचूक होता. फक्त तो उन्हाला कोणी कळवला नव्हता.

यंदा एप्रिलमध्ये आभाळ यायला लागलं. रोज दुपारी वारं सुटायचं, कुठंतरी गारा पडायच्या आणि संध्याकाळी लोक गच्चीवर उभं राहून "काय मस्त हवा सुटली हो!" असं एकमेकांना ओरडून सांगायचे. हुडहुडीचा भाव घसरणीला लागला. सोनिया आली ती अशाच एका गार दुपारी. मनकर्णाबाईंनी लिंबाखाली बाज टाकली, वर गोधडी अंथरली, आणि पोर तिच्यावर टेकून म्हणाली, "आई, पुण्यात आमच्याकडं एसी आहे, पण असलं गार काही वाटत नाही गं."

माय-लेकी हसत बसल्या. बद्रीनाथराव पायरीवर चेहरा पाडून बसले.

"पप्पा, बरं नाही का तुम्हाला?"

"त्यांला काय धाड भरली?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "वारं सुटलं ना, म्हणून सुतक धरलंय."

खरं सांगायचं तर बद्रीनाथरावांना स्वतःचीच लाज वाटत होती. लेक आरामात आहे याचा आनंद आणि आभाळ आलंय याचं दुःख, दोन्ही एकाच छातीत कोंबायचं म्हणजे सोपं काम नाही. पण ते एकटे नव्हते. गल्लीतल्या बहुतेक घरांत हीच कळा होती, आणि जिथं दहा दुःखी माणसं जमतात तिथं मंडळ स्थापन होतंच. त्याप्रमाणे 'हुडहुडी समभागधारक हितरक्षण मंडळ, पुंडलिकनगर' हे स्थापन झालं. अध्यक्ष गोकुळ गायके.

पहिली सभा मारुतीच्या मंदिरासमोर भरली. गोकुळनं प्रास्ताविकात सांगितलं की कंपनीचं उत्पादन उत्तम आहे, व्यवस्थापन उत्तम आहे, अडचण फक्त गारव्याची आहे. बाजारात गारवा फुकट मिळत असेल तर विकत कोण घेईल? तेव्हा फुकट गारवा देणाऱ्या अनधिकृत घटकांचा शोध घेणं हे प्रत्येक भागधारकाचं कर्तव्य आहे. टाळ्या झाल्या. ठराव असे झाले. चौकातली पाणपोई ही कंपनीच्या व्यवसायाशी अनुचित स्पर्धा असल्याने तत्काळ बंद करावी. मठ्ठ्याच्या गाडीवाल्याने मठ्ठा विकावा, मात्र त्यात बर्फ टाकू नये. खिडकीला वाळ्याचे पडदे लावणाऱ्या सभासदांस समज द्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रत्येक झाड हे विनापरवाना चालणारे वातानुकूलन केंद्र आहे असे समजून सभासदांनी आपल्या दारातील झाडाबाबत योग्य ती कार्यवाही करावी.

"योग्य ती कार्यवाही म्हणजी?" सोमनाथ म्हस्के नावाच्या सभासदानं विचारलं.

"छाटणी," गोकुळ म्हणाला.

"किती?"

"बुडापासून."

सोमनाथनं आपला गुलमोहर दुसऱ्याच दिवशी काढला. मग कोणाचा बदाम गेला, कोणाची जांभूळ गेली. आठवड्याभरात गल्लीत ऊन असं घरोघर हिंडायला लागलं, जसं काही लग्नाच्या पत्रिका वाटतंय. तेवढ्यात आभाळही निवळलं आणि मे महिना आपल्या मूळ पदावर रुजू झाला. पारा चढला, भाव चढला. घामानं निथळणारे सभासद एकमेकांना टाळ्या देऊ लागले. "काय उकडतंय राव!" "लई भारी उकडतंय!" पूर्वी माणसं उन्हाला शिव्या द्यायची. आता उन्हातून आलेला माणूस प्रसाद घेतल्यासारखा प्रसन्न दिसायचा.

राहिला फक्त बद्रीनाथरावांचा लिंब. कार्यवाही करायला गोकुळ स्वतः आला, सोबत कुऱ्हाडीसह माणूस. बद्रीनाथराव घरातून बाहेर आले, झाडाकडं बघितलं, बाजेवर निजलेल्या लेकीकडं बघितलं, मग मोबाइलमधल्या भावाकडं बघितलं. तोंडातून हो पण निघेना आणि नाही पण निघेना.

मनकर्णाबाई पदर खोचून पुढं आल्या. "ह्या मंडळाचं सभासद कोण हाय रं आमच्या घरात?"

"काका," गोकुळ म्हणाला.

"काकाला तं भोपळा मिळाला. शेअर माझ्या नावानं हायेत. म्हणजी सभासद मी. अन् माझं मत असं हाय की झाडाला हात लावला तं हात मोडीन."

गोकुळनं उपविधी आठवून बघितले. बाईंचं म्हणणं कायदेशीर होतं. कुऱ्हाडवाला चहा पिऊन परत गेला. बद्रीनाथरावांनी चारचौघांत कपाळाला आठ्या घातल्या आणि घरात गेल्यावर मोकळा श्वास सोडला.

इकडं बोडक्या गल्लीत राहणं मुश्कील झालं. भिंती तापल्या, पंख्यातून वाफा यायला लागल्या. सभासदांपुढं आता एकच मार्ग उरला आणि तो सगळ्यांनी आनंदानं धरला. सगळ्यांनी एसी घेतले. अर्थातच हुडहुडीचे. भाव आणखी चढला. आपणच तापवायचं, आपणच विकत घ्यायचं आणि आपणच श्रीमंत व्हायचं, असं हे स्वयंपूर्ण अर्थकारण बघून गोकुळचे डोळे भरून आले. बद्रीनाथरावांनी मात्र अजून शेअर काढले नव्हते. भाव चढता असताना काढणं त्यांच्या जिवावर यायचं. "अजून चार दिवस," ते रोज म्हणायचे, आणि सोनियाची खोली रोज तापायची. लिंबाखालची बाज तेवढी गार होती.

मग एसी बसवायला कंपनीचा इंजिनिअर शिवम आला. गळ्यात टाय, हातात टॅब. त्यानं सोमनाथच्या भिंतीकडं बघून मान हलवली.

"बाहेरचा डबा इथं नाही बसणार, सर. कंपनीची अट आहे. डबा सावलीत पाहिजे. उन्हात बसवला तर आतली खोली गार होत नाही, आणि वॉरंटी जाते."

"सावली कुठून आणू?" सोमनाथ म्हणाला.

"दारात झाड वगैरे असतं ना लोकांच्या?"

सोमनाथ गुलमोहराच्या बुंध्यावर बसला. एवढ्यात शिवमची नजर गल्लीभर फिरली आणि एकमेव हिरव्या ठिपक्यावर येऊन थांबली.

मंडळाची तातडीची सभा झाली. बद्रीनाथरावांचा लिंब ही 'सर्व भागधारकांची सामाईक सावली' असल्याचं एकमतानं ठरलं. मतदानाच्या वेळी मनकर्णाबाई सोनियाला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. बद्रीनाथरावांना सगळ्यांनी हार घातला, हुडहुडीच्या भरभराटीत त्यांच्या झाडाचं योगदान सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाईल असं सांगितलं. हार घातलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

माय-लेकी परत आल्या तेव्हा अंगण ओळखू येत नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक एसीचा डबा लिंबाखाली येऊन बसला होता. कोणी बुंध्याला बांधलेला, कोणी फांदीला टांगलेला, चार बाजेच्या जागेवर. नळ्या गल्ली ओलांडून घरोघर गेल्या होत्या. तिकडं घरात माणसं स्वेटर शोधत होती आणि त्यांच्या सगळ्या खोल्यांतला उकाडा एका लिंबाखाली येऊन घोंघावत होता. झाडाची पानं आकसायला लागली होती. बाज भिंतीशी उभी केलेली होती.

सोनियानं पोटावर हात ठेवला आणि खाली बसायला जागा शोधली. ती काही मिळाली नाही.

"लेकराला माहेरी आणलं व्हतं मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "आता मलाच माझ्या माहेरी जावं लागतंय. बसा भाव बघत."

आणि त्या लेकीला घेऊन खुलताबादला, भाऊ पुंजारामकडं निघून गेल्या.

तिकडं डोंगरावर सोनिया सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. इकडं बद्रीनाथराव डब्यांच्या घरघरीत एकटे राहिले. काही दिवसांनी त्यांनी प्रथमच ठरवलं, की बस, झालं. शेअर काढायचे, एसी आणायचा, लेकीला आणि नातीला घरी आणायचं. भावही कधी नव्हे एवढा चढलेला. त्यांनी मोबाइल उघडला, विक्रीचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'आपल्या नोंदणीकृत क्रमांकावर ओटीपी पाठवला आहे.' क्रमांक मनकर्णाबाईंचा होता. बाई फोन उचलत नव्हत्या.

बद्रीनाथराव खुलताबादच्या बसमध्ये बसले.

पुंजारामच्या अंगणात मोठी चिंच होती. तिच्याखाली झोळी बांधलेली, झोळीत नात. वारं असं होतं की घाम कधी आला होता हेच आठवेना. नातीनं आजोबाचं बोट पकडलं आणि सोडेना. बद्रीनाथरावांचे डोळे पाणावले. कशाला आलो होतो, ते विसरूनच गेले.

"पप्पा, थांबा ना इथंच," सोनिया म्हणाली.

"थांबतो गं माय," ते म्हणाले. "इथं कशाला पाहिजे एसी?"

मनकर्णाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं आणि पुढ्यात चहा ठेवला. सगळं जुळून आलं होतं. गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पुंजाराम जवळ सरकून बसला.

"दाजी, ती हुडहुडी का काय, लई वर गेली म्हणे. मला बी भरून द्या की एक अर्ज. नाय तं दोन द्या, एक माझ्या बायकोच्या नावानं."

"अरे, एवढी गार चिंच असताना तुला काय करायची ती कंपनी?"

"तेच म्हणतो," पुंजारामनं वर बघितलं. "ही काढली तं भाव किती वाढन?"

मनकर्णाबाईंनी पोळपाटावरचं लाटणं उचललं. पुंजाराम उठून दूर गेला. बद्रीनाथराव मात्र जागचे हलले नाहीत. एका हाताचं बोट नातीच्या मुठीत होतं. दुसरा हात, त्यांच्याही नकळत, खिशातल्या मोबाइलकडं गेला होता.

"ओटीपी मागून तं बघा," बाई म्हणाल्या.

त्यांनी मागितला नाही. निदान त्या दिवशी तरी.

तुम्ही हसलात. हसायलाच पाहिजे, माणसं आहेतच तशी. पण वाचता वाचता मधेच कुठंतरी, ही कंपनी खरीच आहे का आणि सध्या भाव काय चालू आहे, असं मनात आलं की नाही? खिडकीबाहेर झाड असेल तर त्याच्याकडं बघून सांगा.