ओट्यावरचा काटा, आतला काटा

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तीन दिवसांवर आली, तसे असोद्याच्या कौतिकभाऊला डोळे मिटले तरी खापरावरचे मांडे दिसायला लागले. पण मांड्यांच्या आड जळगावचा डॉक्टर बसला होता. महिन्यामागं त्यानं भाऊला काट्यावर उभं करून सांगितलं होतं, "अडीच मण, म्हणजे शंभर शेर भरताय. तुमच्या उंचीला दोन मण पुष्कळ. आखाजीपर्यंत पाच शेर तरी उतरा, नाहीतर मांडे बंद. आणि नुसत्या काट्यावर जाऊ नका, करदोडा किती सैल पडतो तेही बघा." बायकोनं, बेबाबाईनं हे ऐकलं, म्हणजे कायदाच झाला.

महिनाभर भाऊनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची कोरडी भाकर खाल्ली, शेतात पायी गेला. मग छगनशेटच्या दुकानी, ओट्यावर शेट गावचा कापूस मोजून घेई त्या मोठ्या पारड्यात, फतकल मारून बसला.

"दोन मण पाच शेर," छगनशेट सवयीनं बोलून गेला.

भाऊ धावतच घरी. "पंधरा शेर उतरलो व. मांड्याचं पाहाय आता."

"पंधरा? महिन्यात बैल नाही उतरत इतका. चला, माह्यासमोर मोजा."

दुकानी आले तर शेट जेवायला गेलेला, ओट्यावरच्या पारड्यात पोती रचलेली. आत गुरांसाठी सरकीची ढेप विकायचा दुसरा काटा होता. बेबाबाईनं भाऊला त्यात बसवलं आणि स्वतः वजनं चढवली. दोन मण पस्तीस शेर.

भाऊला घाम फुटला. "मी तर सकाळधरून पाण्यावर हाये. ओट्यावरून आत येईस्तोवर तीस शेर कसा वाढलो? मले काही रोग तर नाही ना झाला?"

तेवढ्यात छगनशेट हात पुसत आला आणि दारातच थबकला. बेबाबाईनं बाहेरचा काटा पाहिला, आतला पाहिला, मग शेटला पाहिलं.

"भाऊजी, आमचे हे बाहेर हलके अन् आत जड. तुमी कापूस बाहेर घेता अन् ढेप आत देता, नाही का?"

शेट खोकला. "वहिनी, बाहेरच्या काट्याले वारा लागते."

"लागू द्या. आजपासून आमची ढेप वाऱ्यात मोजा, अन् कापूस आत. का गावाले विचारू?"

"गावाले काहाले," शेट हळूच म्हणाला.

भाऊ अजून पारड्यातच. "पण मी खरा किती?"

बेबाबाईनं त्याच्या सदऱ्याखाली करदोड्यात बोटं घातली. "महिन्यामागं एक बोट जात नव्हतं, आता दोन जातात. उतरले तुमी. करते मांडे."

"किती करशीन?"

"दोन शेर," ती म्हणाली. "आतल्या काट्यावर मोजून."