काळ्या चौकोनातला पाहुणा

आमच्या टीममध्ये कोणी कोणाला घाबरत नाही, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. आम्ही सगळे घरून काम करतो आणि एकमेकांपासून इतके लांब राहतो, की डेटाबेसवाला जेवायला बसतो तेव्हा डिझायनर दात घासत असते आणि चुका शोधणारी टेस्टर जांभया देत असते. गाठ पडते ती फक्त रोजच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये. इतक्या लांबून कोण कोणाला घाबरणार!

काम होतं एका लाँड्री कंपनीचं अ‍ॅप. ते फसलं तर कंत्राट जाणार आणि कंत्राटापाठोपाठ आम्ही, हे साहेबांनी हसत हसत सांगितलं होतं.

सोमवारी मीटिंगमध्ये एक जास्तीचा चौकोन उगवला. काळा. कॅमेरा बंद, माइक बंद, नाव 'पाहुणा'.

"हे कोण?" डिझायनरने मला वेगळा मेसेज पाठवला.

"तू विचार," मी लिहिलं.

"लीडर तुम्ही आहात!"

लीडर होतो म्हणूनच विचारलं नाही. हेड ऑफिसचा माणूस निघाला असता तर?

त्या दिवसापासून टीमचा नूरच पालटला. बनियनवर बसणारा डेटाबेसवाला टाय लावून आला. डिझायनरच्या मागची पसारा पडलेली खाट जाऊन तिथे पुस्तकांचं खोटं कपाट आलं. ती जरा हलली की पुस्तकं तिच्या कानातून आरपार जायची. आणि कामाचं विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "एकदम मस्त!" टेस्टर तेवढी रोज "पण एक..." म्हणायची, काळ्या चौकोनाकडे बघायची आणि पाण्याचा घोट घ्यायची.

मी खूश होतो. घरातही शांतता होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला आलेली आत्या पलीकडच्या खोलीत माझ्या जुन्या टॅबवर मालिका बघत बसायची. सकाळी हाकसुद्धा मारायची नाही!

शुक्रवारी मीटिंगला साहेब स्वतः आले.

"मग, सोमवारी अ‍ॅप सुरू करायचं ना?"

"हो!" आम्ही एका सुरात ओरडलो.

"काही अडचण?"

"पण एक..." टेस्टर म्हणाली आणि तिने ग्लास उचलला.

"अगं, पाणी काय पितेस सारखी!" माइक सुरू करून काळा चौकोन कडाडला. "आठवडाभर 'पण एक, पण एक' चाललंय. पुढचं सांग की बाई! इथे माझा जीव टांगणीला लागलाय!"

डेटाबेसवाला ताडकन उभा राहिला. वर टाय होता, खाली चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी.

"सांगते, मॅडम!" टेस्टर म्हणाली. "एका गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली की शहरातल्या सगळ्यांच्या रद्द होतात!"

"मॅडम, मी बॅकअप घेतलेलाच नाही," डेटाबेसवाला उभ्या उभ्या म्हणाला.

"आणि 'रद्द करा' हेच बटण मी सगळ्यात मोठं केलंय!" डिझायनरला रडू फुटलं.

साहेबांनी घाम पुसला. "सोमवार विसरा. आधी हे निस्तरा, कंपनीशी मी बोलतो." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, वाचवलंत! आपण हेड ऑफिसच्या ना?"

मी मात्र भिंतीकडे बघत होतो. तो आवाज मला दोनदा ऐकू आला होता. आधी भिंतीतून, मग हेडफोनमधून.

साहेबांनी मला विचारलं, "मॅडम कोण, तुम्हाला माहीत असेलच."

"नाही साहेब. काहीच कल्पना नाही."

"कल्पना नाही?" भिंत म्हणाली, आणि क्षणभराने अख्ख्या टीमने ऐकलं, "अरे, मी तुझी सख्खी आत्या! तू दिलेल्या टॅबवर रोज सकाळी 'सामील व्हा' असं येतं, मी होते सामील. बोलले नाही, कारण तू टॅब काढून घेतला असतास. इतकी रंगलेली मालिका कोण सोडणार!"

साहेबांनी आत्याला टीममध्ये कायम केलंय. रोज शेवटी ती विचारते, "पण एक?" आणि मंडळी भडाभडा बोलतात. आता आमच्या टीममध्ये खरंच कोणी कोणाला घाबरत नाही.

मी तेवढा मीटिंगच्या आधी आत्याला न मागता चहा नेऊन देतो. बायकोच्या नव्या टी-सेटमधली बशी कोणी फोडली, ते तिने पाहिलंय. आणि हल्ली मीटिंग ऐकायला बायकोही तिच्या शेजारी येऊन बसते.