बुवांचं गुप्त समुपदेशन

माणसाचं दुःख कुणी नीट ऐकून घेतलं की अर्धं हलकं होतं. उरलेलं अर्धं सगळ्या गावानं ऐकलं की जातं, हा शोध मात्र डिंभ्याच्या चांगदेवबुवांचा.

जन्मभर कीर्तनं केलेल्या बुवांनी मंचरला जाऊन समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलं (जेवण उत्तम होतं), प्रमाणपत्र देवळात टांगलं आणि सभामंडपात जुन्या साडीचा पडदा लावला. ‘इथे सांगितलेलं गुप्त राहील’ अशी पाटीही आली. प्रशिक्षणातली एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली होती: समोरच्याचं म्हणणं आपण परत म्हणून दाखवावं, म्हणजे आपलं ऐकलं गेल्याचं समाधान त्याला मिळतं. बुवांचा आवाज शेवटच्या रांगेतल्या म्हातारीसाठी घडलेला. त्यामुळे हे समाधान थेट पारापर्यंत मिळू लागलं. (बायका लसूण सोलायला तिथेच येऊन बसत.)

आशा भर दुपारी आली. नवरा हौशीराम तिला मारायचा. हे गावाला ठाऊक होतं, पण ठाऊक असूनही न कळण्याची कला गावाला साधली होती. पडद्याआड ती कुजबुजली, “बुवा, उद्या सकाळच्या यष्टीनं खोडदला जाती, आईकडं. परत न्हाई यायची. कुणाला कळू देऊ नका.”

बुवांना गहिवरून आलं. त्यांनी डोळे मिटून प्रशिक्षण आठवलं.

“म्हंजी आशाताई, तुमी उद्या सकाळच्या यष्टीनं खोडदला जाणार, परत येणार न्हाई, आन् हे कुणालाबी कळता कामा नये.”

पारावरच्या टाळकऱ्यांनी सवयीनं माना डोलावल्या. आशाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावानं गुप्तता कसोशीनं पाळली. आशाशी कुणी चकार शब्द बोललं नाही. सकाळी थांब्यावर निम्मं गाव हजर होतं, जायचं कुणालाच नव्हतं. एरवी मनात येईल तेव्हा येणारी एसटी नेमकी वेळेवर आली. हौशीरामनं आशाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि “घरी चल” एवढंच म्हणाला. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. म्हाताऱ्या ठकूबाईच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण दुसऱ्याच्या संसारात तोंड घालू नये, हे तिनं बुवांच्याच कीर्तनात ऐकलं होतं. एसटी निघून गेली.

संध्याकाळी बुवांनी देवळाच्या फळ्यावर लिहिलं: एक संसार वाचला. (यशाचं प्रमाण शंभर टक्के. संसारातली माणसं वाचली का, हे मोजायची पद्धत नाही.)

आता हे सगळं तुम्हीही ऐकलंत. चार क्षण हळहळलात, तेही खरं. तुमच्या शेजारच्या भिंतीतून असाच मारहाणीचा आवाज येतो तेव्हा तुम्ही टीव्ही मोठा करता आणि कुणाला काही बोलत नाही. तुम्हाला प्रशिक्षणाची गरज नाही. तुमचं प्रमाणपत्र बुवांकडे तयार आहे, सवडीनं येऊन घेऊन जा.