चार नंबरच्या खोलीचा पहिला हात

आमच्या नगरपालिकेच्या चार नंबरच्या खोलीत कुणालाच ‘उद्या या’ म्हणता यायचं नाही, कारण त्या खोलीच्या भिंतींना रंगाचा पहिला हात माझ्या भावाने मारलेला होता.

ही गोष्ट सगळ्या गावाला माहीत आहे. वरून कुठलाही रंग द्या, गुलाबी द्या नाहीतर पिस्ता, खोलीतली माणसं वागतात ती सर्वांत खालच्या हाताप्रमाणे. ज्याने तो हात मारला त्याचा स्वभाव चुन्याबरोबर भिंतीत उतरतो, सुकतो आणि तिथेच राहतो. म्हणून नगरपालिका थर-वही ठेवते. कुठली भिंत, पहिला हात कोणाचा, त्या दिवशी तो जेवून आला होता की भांडून, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. रस्त्यांचं आणि पुलांचंही असंच आहे म्हणतात, खाली काय दाबलंय त्यावर वरचं चालतं. मी चौथी शिकलो. मला पुलाचं कळत नाही, भिंतीचं कळतं.

व्हरांड्याला पहिला हात बळीराम पेंटरचा आहे. तो अर्ध्यात ब्रश ठेवून पान खायला गेला आणि परत आलाच नाही. त्यामुळे व्हरांड्यात आलेला माणूस आपण कशाला आलो ते विसरतो. अध्यक्षांच्या दालनाला ज्याने पहिला हात मारला तो कुत्र्यांना भ्यायचा. आजवर सात अध्यक्ष झाले, सगळ्या पक्षांचे झाले, आणि बाहेर कुत्रं भुंकलं की सातही जणांनी पाय खुर्चीवर घेतले. याचं कुणाला काही वाटत नाही. माझ्या भावाने दोन वर्षांपूर्वी नव्या गिलाव्यावर मारलेल्या हाताचं मात्र वाटलं.

माझा भाऊ म्हणजे हिरामण भोई. गावात अकरा पेंटर होते. त्यातले दहा ‘उद्या येतो’ म्हणणारे. हिरामणच्या तोंडून तो शब्द मी जन्मात ऐकला नाही. कुणी दारात येऊन म्हणालं, घरात पाहुणे येणार आहेत, एवढी एक भिंत करून दे, की हा ताटावरून उठायचा. देवमाणूस वगैरे नव्हता. रागीट होता. माझ्या कानाखाली त्याने चार वेळा वाजवली, आणि चारही वेळा मी ब्रश न धुता ठेवला होता.

पाण्याच्या टाकीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहायचं होतं. कोणी मोठे पाहुणे येणार होते. अभियंता कानडे साहेब म्हणाले, आज झालं पाहिजे. टाकी गळत होती, त्यामुळे ज्या झुल्यावर बसून रंगवायचं त्याचा दोर ओला होता. तीन पेंटरांनी दोर हातात धरून पाहिला आणि उद्या सांगितलं. ते तिघं आज चौकात चहा पितात. हिरामण वर चढला. टाकीवर अजून ‘नगरपा’ एवढंच लिहिलेलं आहे.

पंधराव्या दिवशी वहिनीने मला मृत्यूच्या दाखल्याला पाठवलं. मला दाखला नको होता. मी मनाशी धरलं होतं, सरकारी काम आहे, चार-पाच चकरा होतील. झेरॉक्स आणा म्हणतील, साहेब मीटिंगला गेलेत म्हणतील. तेवढे दिवस तरी हिरामण त्यांच्या वहीत जिवंत राहील. जन्म-मृत्यूची नोंद चार नंबरच्या खोलीत होते हे व्हरांड्यातून जाताना माझ्या डोक्यातून निघून गेलं. आत पाऊल पडलं तेव्हा आठवलं की ही खोली कोणाची आहे. तोवर तिथल्या कारकून निकुंभ मॅडमनी खुर्ची पुढे केली होती.

“ये सुपडू. बस.”

“मॅडम, माझे कागद अपुरे आहेत.”

“असू दे.”

“हिरामणभाऊचं आधार कार्ड नाही आणलं.”

“मागच्या कामाचं आहे आमच्याकडे.”

“साहेबांची सही लागत असेल ना?”

नोंदणीचे साहेब शेजारच्या टेबलावर पेनचं टोपण काढूनच बसले होते. मी म्हणायला गेलो की मग मीच परत कधीतरी येतो, तर तेही तोंडातून निघेना. सात मिनिटांत मॅडमनी शिक्का मारला आणि दाखला माझ्यापुढे ठेवला. पंधरा दिवस घरात जे कुणी मोठ्याने बोललं नव्हतं ते तिथे टाईप केलेलं होतं.

“एवढी काय घाई लागली होती तुम्हाला?” मी ओरडलो.

“मला कुठे घाई आहे रे?” मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. “माझा हातच थांबत नाही. दोन वर्षं झाली, इथे बसले की थांबत नाही.”

पुढच्या आठवड्यात मला नोटीस आली. शेजारच्या मास्तरांनी वाचून दाखवली. ‘कक्ष क्रमांक चारच्या कामकाजात विलंबाचा अभाव आढळून आला आहे. सदर दोष पहिल्या थरातील असून काम होऊन तीन वर्षे पूर्ण झालेली नाहीत. सबब दोष-दायित्वाच्या अटीनुसार मूळ रंगकर्त्याने, तो मयत असल्यास त्याच्या वारसाने, सदर थर गिलाव्यापर्यंत खरवडून द्यावा.’

मास्तरांनी चष्मा काढला. “सुपडू, हे तुलाच काढायला सांगतायत.”

मी नोटीस घेऊन तसाच कानडे साहेबांकडे गेलो. त्यांच्याजवळ थर-निरीक्षक पाठराबे बसले होते. पाठराबे म्हणजे गावातल्या सगळ्या भिंतींना ब्लेडने चौकोन पाडून, भिंगाने खालचा थर बघणारा माणूस.

“साहेब, काम लगेच होतं हा दोष कसा?”

“अरे, पाणीवाले, घरपट्टीवाले, बांधकामवाले, सगळे लोक आपापले अर्ज घेऊन त्या खोलीत घुसतात,” कानडे म्हणाले. “बाकीच्या खोल्या ओस पडल्या.”

“मग बाकीच्या सुधारा.”

पाठराबेंनी समजावणीच्या सुरात सांगितलं, “भाऊ, एका इमारतीत दोन स्वभावांचा थर चालत नाही. एक बाजू खेचते, एक सैल पडते, मधे चीर जाते. हे शास्त्र आहे.”

“टाकीच्या दोराचं शास्त्र कुठे गेलं होतं?”

कानडे साहेबांनी समोरच्या फाइलची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. “ते वेगळ्या विभागाकडे येतं,” ते म्हणाले.

मी नोटीस फाडली. पाठराबेंनी खणातून दुसरी प्रत काढून दिली. तीही फाडली. त्यांनी तिसरी काढली.

“सात प्रतींत आहे,” ते म्हणाले. “तुम्ही नाही आलात तर बळीराम पेंटरच्या पोराला काम देऊ.”

घरी येऊन मी वहिनीला सांगितलं की मी मरेन पण त्या भिंतीला हात लावणार नाही. वहिनी भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

“बळीरामचा पोरगा पाणी न मारता खरवडतो,” ती म्हणाली. “सगळं खरबरीत करून ठेवतो. त्यापेक्षा तू काढ.”

“वहिनी, त्याचं एवढंच उरलंय गावात.”

“म्हणून तर म्हणते तू काढ. दुसऱ्या कुणाचं लोखंड नको लागायला.”

सोमवारी सकाळी मी खरवडायची पट्टी, बादली आणि फडकी घेऊन गेलो. मी ठरवलं होतं की खोलीत जायचं आणि नुसतं बसायचं. विडी ओढायची, वेळ काढायची, बघू काय करतात ते. पण त्या खोलीत वेळ काढता येत नाही. मी उंबरा ओलांडला आणि माझा हात भिंतीवर पाणी मारायला लागला. मी थांबायचं म्हटलं तरी थांबेना. ज्याला मी वाचवायला आलो तोच मला मागून ढकलत होता, चल, आटप, काम पडलंय. मला त्याचा एवढा राग आला की मी भिंतीला मोठ्याने शिवी दिली. जिवंत होता तेव्हाही असंच करायचा. दुसऱ्याचं काम म्हटलं की स्वतःच्या मुळावर उठायचा.

वरचा गुलाबी निघाला, मधला पांढरा निघाला आणि खाली हिरामणचा हात लागला. नीळ टाकलेला चुना. तो ब्रश नेहमी खालून वर ओढून सोडायचा, त्याच्या रेघा तशाच होत्या. एका ठिकाणी ब्रशचा केस अडकून सुकला होता. तो मी नखाने काढून खिशात ठेवला, आणि पट्टी चालवली.

दुपारच्या आत पहिली भिंत गिलाव्याला आली. तेवढ्यात पाणीपट्टीचा एक माणूस अर्ज घेऊन आला. मॅडम त्याला म्हणाल्या, “जरा थांबा.” हे दोन वर्षांत पहिल्यांदा ऐकल्यामुळे तो माणूस दचकून अर्ज घेऊन निघून गेला. दुसरी भिंत निघाली तेव्हा मॅडमनी एकाला जेवणानंतर यायला सांगितलं. तिसरी निघाली आणि एका म्हातारीशी बोलताना त्यांच्या तोंडून ‘उद’ एवढं बाहेर पडलं. मॅडमनी तोंडावर हात ठेवला.

“येतंय, येतंय!” दारात उभे असलेले कानडे साहेब म्हणाले. “हाण चौथी.”

चौथी भिंत मॅडमच्या खुर्चीमागची होती. मी तिच्याकडे वळलो आणि मला कळलं की माझा हात आता थांबतो आहे. मागून कुणी ढकलत नव्हतं. तीन भिंतींचा हिरामण खाली फरशीवर भुकटी होऊन पडला होता. मी पट्टी खाली ठेवली.

“काय झालं रे?”

“भिंत ओली करायला पाहिजे साहेब.”

“मग कर.”

“पाणी संपलं.”

“आण मग.”

“बादलीला भोक आहे.”

“आत्तापर्यंत नव्हतं ते?”

“बारीक होतं. आता मोठं झालं.”

आमच्या घरात असलं कोणी बोलत नाही. गावातले दहा पेंटर असं बोलतात. मला त्याची लाज वाटली नाही. कानडे साहेब लाल झाले आणि शिपायाला हाक मारायला व्हरांड्यात गेले. तिथे ते खांबाला हात लावून उभे राहिले. बराच वेळ तसेच उभे होते.

तेवढ्यात एक मुलगी आत आली. वीस-बावीस वर्षांची असेल. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत कागद. तिची आई वारली होती, तेरा दिवस झाले होते. तिचे सगळे कागद बरोबर होते, झेरॉक्ससुद्धा दोन-दोन काढलेल्या होत्या. मॅडमनी पेन उचललं. अर्जाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. दोन वर्षांत त्या टेबलावर पेन खाली ठेवलेलं कुणी बघितलं नव्हतं.

“बाळा, सगळं नीट आहे,” मॅडम म्हणाल्या. “आता लगेच देऊ, का उद्या येतेस?”

शब्द पूर्ण निघाला. शेजारच्या साहेबांनी वर पाहिलं. कामावर नजर ठेवायला आलेले पाठराबे कोपऱ्यात भिंग पुसत होते, ते थांबले.

“इथे लगेच मिळतो ना?” मुलीने विचारलं.

“मिळतो. तुला पाहिजे तर आत्ता मिळतो.”

“आणि नाही घेतला तर?”

“नाही घेतलास तर तोवर वहीत आहे तशीच राहील तुझी आई.”

मुलीने पिशवीच्या घड्या हाताने सरळ केल्या. भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी चुन्याने पांढरा झालेलो होतो.

“परवा आले तर चालेल?”

“चालेल की.”

“परवाच येते मग.”

मॅडमनी अर्जावर पेन्सिलने परवाचा वार लिहिला. मुलगी गेली. पाठराबे उठले, चौथ्या भिंतीला त्यांनी ब्लेडने एक लहान चौकोन पाडला, भिंग लावून बघितलं आणि थर-वहीत लिहिलं. मी वाचायला सांगितलं तेव्हा त्यांनी वाचून दाखवलं, “दोष तीन चतुर्थांश निवारला. उरलेला थर वापरात आहे.”

“म्हणजे चौथी काढायची नाही?”

“वापरात असलेला थर काढता येत नाही,” ते म्हणाले. “नियम आहे.”

व्हरांड्यातून परत आलेल्या कानडे साहेबांनी त्या नोंदीखाली सही केली. त्यांना ती कशाची ते आठवत नव्हतं. मी फरशीवरची भुकटी झाडून एका जुन्या डब्यात भरली आणि घरी नेली. वहिनीने डबा फडताळात ठेवला.

चार नंबरची खोली आता तशीच चालते. जो येतो त्याला निकुंभ मॅडम विचारतात, आत्ता देऊ का उद्या येता. जन्माच्या दाखल्याला सगळे आत्ताच म्हणतात. मृत्यूच्या दाखल्याला कोणी आत्ता म्हणतो, कोणी परवा म्हणतो, कोणी सोमवारी. एका म्हाताऱ्याने बायकोच्या दाखल्यासाठी दिवाळीनंतरचं सांगितलं. मॅडमनी तशी नोंद केली.

मला कुणी विचारलं नव्हतं.