बसून पाहिलेला सोफा

सोफ्यातलं मला सगळं कळतं. आयुष्यात एकही विकत घेतलेला नाही, एवढीच काय ती उणीव. पण वाचनालयातली या विषयावरची चारही पुस्तकं वाचून झाल्यावर मी आर्डिसला छातीठोकपणे सांगितलं, "दोनशे डॉलरांत दोन हजारांचा सोफा आणतो."

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर सोपवलेली ही पहिली खरेदी. "जमेल ना रे?" एवढंच तिने विचारलं आणि जुना सोफा रस्त्याकडेला ठेवून दिला. तासाभरात तो कुणीतरी उचलूनही नेला. आता माघार नव्हती.

त्या शनिवारी आमच्या डुलुथमध्येच, कुणा इंग्रिड टोलेफसनबाईंच्या निधनानंतर त्यांचं घरसामान त्यांच्याच घरी विक्रीला निघालं होतं. मी सर्वांच्या आधी आत शिरलो. दिवाणखान्यात हिरवा सोफा, वर एकशेऐंशीची चिठ्ठी. पुढचा एक पाय किंचित उचलला, तर दुसराही लगेच उठला. सांगाडा पक्का! आता पुस्तकातली शेवटची कसोटी उरली होती : घरी बसतो तसं पंधरा मिनिटं बसून पाहा. मी डोळे मिटून बसलो.

नवव्या मिनिटाला खांद्यावर हात पडला. इंग्रिडबाईंच्या शेजारीण मार्लिसबाई होत्या, दुसऱ्या हातात, दुःखाच्या घरी नेतात तसं, ओव्हनमधून काढलेल्या गरम हॉटडिशचं झाकलेलं भांडं.

"तुम्ही फार्गोला राहणारे तिचे धाकटे भाऊ ना? नाक अगदी इंग्रिडचं."

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि बाई रडायलाच लागल्या. रडणाऱ्या माणसाची चूक दाखवायची कशी? मी मान हलवली. नेमकी उभी हलली.

मग भेटायला रांगच लागली. इंग्रिड तळ्यावर काय सुंदर स्केटिंग करायची, असं एकाने सांगितलं. "लहानपणापासूनच," मी म्हणालो. खरं सांगतो, तोवर मलाही तिची आठवण येऊ लागली होती.

शेवटी एक तरुण जोडपं आलं. नवं बिऱ्हाड, खिशात एकशेवीस. मुलगा अदबीने म्हणाला, "आजोबा, तुमच्या आठवणीतला असेल तर राहू दे."

"इंग्रिडने असाच देऊन टाकला असता," मार्लिसबाई डोळे पुसत म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी उठलो. सोफ्याचं एक टोक धरून गाडीत चढवायलाही मीच मदत केली. मग दाराशी गल्ला सांभाळणाऱ्या बाईंना कमी पडलेले साठ डॉलर गुपचूप माझ्या खिशातून दिले. दुसऱ्याच्या मालावर सूट देण्याइतका काही मी निर्लज्ज नाही.

निघताना मार्लिसबाईंनी ते भांडं माझ्या हाती ठेवलंच. घरी आर्डिसने दार उघडलं.

"सोफा?"

"विकला."

"कोणाचा?"

मी सगळं सांगितलं. ती माझ्या हातातलं भांडं घेऊन स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली, दोन चमचे खाल्ले, मग भांडं उचलून तळाला चिकटवलेलं मार्लिसबाईंचं नाव वाचलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "भांडं परत द्यायला तूच जायचंस. आणि रिकामं द्यायचं नसतं. तुझ्या बहिणीला काय आवडायचं?"