तक्रारदार वस्तीचा कायदा

हवा ही सर्वांच्या मालकीची असते, म्हणजेच ती कोणाच्याच मालकीची नसते. आणि जे कोणाच्याच मालकीचे नसते ते घाण करायला कोणाला विचारावे लागत नाही, स्वच्छ ठेवायला मात्र कायदा लागतो. हे तत्त्व एकदा पटले की रबर कारखान्यामागच्या वस्तीने एका कायद्यासाठी एवढा आटापिटा का केला, हे कोणाच्याही ध्यानात यावे.

वस्तीत लाँड्री चालवणाऱ्या मावशींच्या ते आधी ध्यानात आले नव्हते. (मावशी त्या सगळ्या वस्तीच्या. रक्ताचे नाते उरले होते ते फक्त एका नातीशी.) कारखान्याबद्दल त्यांचे मत तसे वाईटही नव्हते. सकाळी दोरीवर घातलेली पांढरी चादर दुपारपर्यंत राखाडी व्हायची आणि आठवडा उलटायच्या आत गिऱ्हाईक तीच पुन्हा धुवायला टाकायचे. धंद्याला इतका हातभार सख्खा भाऊसुद्धा लावत नाही. अडचण एवढीच होती की तोच धूर नातीच्या छातीत जायचा, आणि छाती काही पिळून वाळत घालता येत नाही. पोरगी जिना चढताना मध्येच बसायची, दम्याच्या औषधासाठी हात पुढे करायची आणि म्हणायची, "आजी, पंप." तिच्या छातीत त्या वेळी जे घरघरायचे त्याला सरकारदरबारी 'किरकोळ तक्रारी' असा शब्द आहे.

सुदैवाने वस्तीत सर होते. सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, 'स्वच्छ हवा व जनआरोग्य विधेयक समर्थन समिती'चे अध्यक्ष, आणि बहुतेक सभांना हजर असलेले एकमेव सदस्य.

"मावशी, नुसतं रडून काही होत नाही," सर म्हणाले. "कायदा पाहिजे. आणि कायद्यासाठी मुद्देसूद रडावं लागतं."

मग रीतसर प्रशिक्षण झाले. आमदारांपुढे दुःख मांडायचे ते थोडक्यात, शिव्या न देता आणि आमदारांचे नाव बरोबर उच्चारून. डोळ्यांत पाणी शेवटच्या वाक्याला आणावे (आधी आल्यास ऐकणारा चहाकडे वळतो). समितीने सर्वेक्षणही केले. त्यात वस्तीतल्या निम्म्या घरांमध्ये खोकला आढळला. उरलेल्या निम्म्या घरांमध्ये खोकल्यामुळे प्रश्नच ऐकू गेला नाही.

एवढ्या खटाटोपाचे चीज झाले. विधेयक विधिमंडळात पोहोचले आणि ते मंजूर करायचे नसल्यामुळे पाहणी समितीकडे सोपवण्यात आले. पाहणी समिती म्हणजे एक आमदार, एक अधिकारी आणि दोघांच्या बॅगा उचलणारा ड्रायव्हर. आमदार वस्तीत उतरले त्या सकाळी चिमणी नेमकी बंद होती. आमदारांनी छाती भरून श्वास घेतला. "काय छान हवा आहे हो इथे!" ते म्हणाले. "आमच्या बंगल्याला अशी नाही."

सरांचा चेहरा पडला. त्यात नातीने घात केला. साहेबांपुढे खोकण्यासाठी तिला मुद्दाम आणून उभे केले होते. ती एकदाही खोकली नाही. उलट जिना धावत चढली आणि वरून सगळ्यांना टाटा केला. सरांनी तिच्याकडे शिस्तभंग केलेल्या विद्यार्थिनीकडे पाहावे तसे पाहिले.

मावशींनी मात्र पोरीकडे पाहिले, मग चिमणीकडे पाहिले. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो हाच, हे त्यांनी ओळखले. साहेब आहेत तोवर धूर नाही. मग साहेबांना जाऊ द्यायचेच कशाला?

"साहेब, एवढ्यात काय कळणार?" त्या म्हणाल्या. "वारा फिरल्यावर बघा. ढग आल्यावर बघा. घाईघाईत पाहणी केली म्हणून उद्या कोणी तुम्हाला नावं ठेवायला नको."

आमदार कर्तव्यदक्ष होते (मुक्कामाचा भत्ता वेगळा मिळतो, हा निव्वळ योगायोग). पाहणी लांबली. त्यांच्यावर ऊन आले की वस्ती त्यांना खुर्चीसकट उचलून सावलीत ठेवी. मावशी त्यांचे शर्ट कडक इस्त्री करून देत, पण एक शर्ट नेहमी ओला ठेवत, म्हणजे निघायचा विषय निघू नये. घराघराने आपापले दुःख सांगितले. नवी दुःखे संपल्यावर जुनी काढली, ज्यांचा हवेशी काही संबंध नव्हता तीसुद्धा. एका आजोबांनी थेट सुनेचे गाऱ्हाणे मांडले. अधिकाऱ्याने ते 'इतर स्रोत' या सदराखाली नोंदवून घेतले.

त्या दिवसांत नात दोरीवरच्या उड्या शिकली. एका संध्याकाळी ती धापा टाकत घरात आली. मावशी धसकून पंपाकडे धावल्या, तर पोरगी म्हणाली, "पंप नको गं, पाणी दे. मी दमलेय नुसती." पोर नुसती दमलीय! मावशी भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडल्या. प्रशिक्षणाच्या दृष्टीने ते रडणे अगदीच बेशिस्त होते.

पण सरांसारखा माणूस पाठीशी असला की यश टळत नाही. चिमणी इतके दिवस बंद ठेवून कारखान्याचे व्यवस्थापकही मेटाकुटीला आले होते. त्यांनी जाहीर केले, "तो कायदा एकदाचा करून टाका हो, म्हणजे आम्हाला काम सुरू करता येईल." विधेयकाला इतका मनापासून पाठिंबा तोवर कोणीच दिला नव्हता.

मसुदा सरांना दाखवण्यात आला. 'कोणत्याही वस्तीवर धूर पडता कामा नये', असे त्यात साधे वाक्य होते. सरांना ते झोंबले. "लढलो आम्ही, आणि फायदा कोणत्याही वस्तीला? हे म्हणजे अभ्यास एकाने करायचा आणि पास सगळा वर्ग!" आणि त्यांनी भांडून तिथे 'तक्रारदार वस्तीवर' अशी दुरुस्ती करून घेतली. व्यवस्थापकांनी उठून सरांचा हात दोन्ही हातांत घेतला. कायदा एकमताने मंजूर झाला. ज्या वस्तीची तक्रार नाही तिथे पडेल त्यास 'धूळ (नैसर्गिक)' समजावे, असा खुलासाही त्यात आहे.

कारखान्याने कायदा तंतोतंत पाळला. चिमणी दुप्पट उंच केली आणि पेटवली. त्या सकाळी मावशी पंप मुठीत धरून नातीच्या मागोमाग जिना चढल्या. पोरगी वरपर्यंत गेली. कुठेही बसली नाही. धूर वस्तीच्या डोक्यावरून सरळ पुढे निघून गेला.

सर गच्चीवर उभे राहून बराच वेळ त्या धुराकडे बघत होते. "मावशी, तो पलीकडच्या कॉलन्यांवर उतरतोय हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चुकलंच माझं. तिकडेही लहान पोरं असतील. आणखी एक दुरुस्ती मागायला हवी."

"तिकडे आपण पाठिंबा मागायला गेलो होतो ना?"

"गेलो होतो. सही कोणी केली नाही, पण सगळ्यांनी फार आस्थेनं ऐकलं."

"मग माणसं चांगली आहेत, निभावतील," मावशी म्हणाल्या. "चादरीचं ते टोक धरा जरा."

तेव्हा मावशींना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या गॅलरीच्या कठड्यावरून एकदा बोट फिरवावे. बोट काळे झाले तर घाबरून जाऊ नये. आपण तक्रार करेपर्यंत कायद्याने ती धूळ आहे. आतल्या खोलीतून येणारा तो बारीक खोकलाही तूर्त हवा बदलल्याचा समजावा. आणि एवढ्यानेही जीव थाऱ्यावर राहिला नाही, तर सरळ कारखान्यामागच्या वस्तीत यावे. आपले म्हणणे तिथे सगळे फार आस्थेने ऐकतील.